ऊन, लोकर आणि काटेरी हलवा

इंदूर शहरातील छत्रीबाग ही वस्ती होळकर घराण्यातील दिवंगत व्यक्तींच्या स्मरणार्थ बांधलेल्या छत्र्यांवरून ओळखली जाते. बाहेरगावचा पाहुणा तेथे जातो तो बहुधा त्या दगडी छत्र्या आणि त्यांवरील कोरीव काम पाहण्यासाठी. परंतु डिसेंबरातील एखाद्या दुपारी त्याने आसपासच्या जुन्या गल्ल्यांतून फेरफटका मारला, तर आणखीही एक दृश्य त्याच्या नजरेस पडण्याचा संभव असतो. इंदूर हे माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले असल्यामुळे तेथील थंडी मुंबईच्या माणसाला चांगलीच झोंबते. दुपारची जेवणे आटोपली, की घरातील वडीलधाऱ्या बायका गच्चीवर किंवा ओट्यावर, जेथे ऊन असेल तेथे चटई पसरून बसतात. कोणाच्या हातात विणकामाच्या सुया असतात, कोणाच्या पुढ्यात सुपातले तीळ असतात. ऊन सरकत जाते तशी चटईही सरकत जाते, आणि काम मात्र हातातून सुटत नाही.

या चटईवर एकच शब्द दोन अर्थांनी वावरत असतो. मराठीत ऊन म्हणजे सूर्याचा ताप. पण इंदूरच्या बाजारात, जेथे देवघेव हिंदीतून चालते, तेथे ऊन म्हणजे लोकर. पुण्याहून लग्न होऊन आलेल्या सुनेला सासूबाईंनी, “सूनबाई, खालून ऊन घेऊन वर ये,” असे सांगितले, तर ती क्षणभर जिन्यातच थबकायची. मराठी ‘ऊन’ संस्कृत ‘उष्ण’ या शब्दापासून आले आणि हिंदी ‘ऊन’ ‘ऊर्णा’ या शब्दापासून. दोघांचे कूळ निराळे आहे. परंतु माणसाला ऊब देण्याचे काम दोघांचेही सारखेच. दोन भाषांच्या सीमेवर नांदणाऱ्या घरालाच अशी गंमत लाभते.

थंडीच्या दिवसांत घराघरांतून चालणारे हे हातकाम वरवर पाहणाऱ्याला रिकाम्या वेळेतील विरंगुळा वाटतो. विणकाम काय किंवा सणासाठी करावयाचे गोडधोड काय, ही कामे गप्पा मारता मारता होतात, त्यांना घड्याळ लागत नाही, आणि त्यांची मजुरीही कोणी मोजत नाही. तथापि थोडे बारकाईने पाहिले म्हणजे असे दिसते, की या कामांची सर्व मांडणी ऋतूच्या आणि वेळेच्या नेमक्या हिशेबावर उभी आहे. ती सणाच्या आदल्या दिवशी करता येत नाहीत. त्यांना कित्येक आठवडे आधी आरंभ करावा लागतो. असे का, हा प्रश्न साधा दिसला तरी त्याच्या उत्तरात पदार्थविज्ञान आहे, इतिहास आहे आणि घरातील माणसांच्या परस्परसंबंधांचाही भाग आहे.

प्रथम पंचांगाकडे पाहावे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ मराठी घरात सणवारांनी भरलेला असतो. मार्गशीर्षातील गुरुवारची महालक्ष्मीची पूजा, शुद्ध षष्ठीला चंपाषष्ठी, पौर्णिमेला दत्तजयंती, असा क्रम लागतो. इंदूरच्या मराठी माणसाला चंपाषष्ठीचे अगत्य अधिक असते, कारण जेजुरीचा खंडोबा हे होळकरांचे कुलदैवत. त्या दिवशी चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे भरिताच्या रूपाने पुन्हा पानात येते. १६ डिसेंबरच्या सुमारास सूर्य धनू राशीत गेला म्हणजे धनुर्मास लागतो. मग भल्या पहाटे उठून मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोणी यांचा नैवेद्य करून तो सूर्योदयाच्या सुमारास खाण्याची जुनी चाल आहे. वैष्णव देवळांतून या महिन्यातील पहाटेच्या पूजेला विशेष मान असतो, आणि छत्रीबागेतील लक्ष्मीव्यंकटेशाचे देवस्थान त्याच परंपरेतील आहे. हा धनुर्मास संपतो तो संक्रांतीला, आणि त्याच्याच दरम्यान, २५ डिसेंबरला, नाताळ येतो. म्हणजे नाताळ आणि संक्रांत यांच्यामध्ये अवघे वीस दिवस असतात.

या जवळिकीला एक कारण आकाशात आहे. २१ किंवा २२ डिसेंबरला सूर्याचे दक्षिणेकडे सरकणे थांबते आणि दिवस पुन्हा मोठा होऊ लागतो. संक्रांत आज १४ किंवा १५ जानेवारीला येते, याचे कारण असे, की भारतीय पंचांगे राशींची गणना ताऱ्यांच्या संदर्भाने करतात आणि पृथ्वीच्या अक्षाची दिशा फार मंद गतीने बदलत असते. त्यामुळे सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या गतीने संक्रांत उत्तरायणाच्या खऱ्या आरंभापासून दूर सरकत गेली. आज हे अंतर तेवीस-चोवीस दिवसांचे आहे. याचा अर्थ, सुमारे सतराशे वर्षांपूर्वी उत्तरायणाचा आरंभ आणि मकर संक्रांत ही दोन्ही एकाच सुमारास येत. नाताळ २५ डिसेंबरला पाळल्याची जुनी नोंद रोम शहरातील असून ती इ. स. ३३६ ची, म्हणजे जवळपास त्याच युगातील आहे. आणि रोमन पंचांगात २५ डिसेंबर हाच परंपरेने सूर्य परतण्याचा दिवस धरला जात असे. येशूच्या जन्मदिनासाठी ही तारीख नेमकी कशी ठरली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु वर्षातील सर्वांत मोठ्या रात्रीच्या आसपास माणसे घरात एकत्र बसतात, शेगडी पेटवतात आणि येणाऱ्या सणासाठी काही तरी हाताने तयार करीत राहतात, ही गोष्ट युरोपातील खेड्यात जितकी खरी, तितकीच माळव्यातही.

इंदुरात या दोन्ही परंपरा शेजारी नांदल्या. मंदसोरच्या १८१८ च्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात स्थिरावली आणि तिच्याबरोबर मराठी कुटुंबांची वस्ती वाढली. पुढे १८७७ साली कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने तेथे कामाला आरंभ केला आणि १८८७ साली इंदूर ख्रिश्चन कॉलेजची स्थापना झाली. तिकडे महाराष्ट्रात १८३१ पासून अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली आणि लक्ष्मीबाई टिळकांनी १९०० साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे उमगते, की उपासना बदलली तरी घराची बोली आणि संसाराची रीत मराठीच राहिली. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला खरा, पण तो इतका रुळला की त्याचे परकेपण आज कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आता लोकरीकडे वळावे. मराठी मुलखाला लोकर नवी नाही. होळ या गावावरून ज्यांना होळकर हे आडनाव मिळाले, ते घराणे धनगर समाजातील. आणि मेंढरे व लोकर हेच त्या समाजाचे परंपरागत धन. मात्र दख्खनी मेंढीची लोकर राठ व जाड असते. तिचे सूत काढून मागावर घोंगडी विणावी. ती पाऊस झेलते, वारा अडवते आणि वर्षानुवर्षे टिकते. परंतु तान्ह्या मुलाच्या अंगाला ती टोचेल. ज्या मऊ लोकरीचे टोपडे आणि मोजे विणतात, ती मेरिनोसारख्या मेंढीची असते आणि तिचा तंतू दख्खनी लोकरीच्या तंतूहून पुष्कळ बारीक असतो. दोन सुयांवर विणण्याची कला भारतीय घरांत पसरली ती प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात, युरोपीय स्त्रिया आणि मिशनच्या मुलींच्या शाळा यांच्याद्वारे. म्हणजे ज्या शाळांतून नाताळची गाणी शिकवली गेली, त्याच शाळांतून सुलट आणि उलट टाकाही शिकवला गेला, आणि तो टाका धर्माची सीमा न विचारता घरोघरी गेला.

मागावरचे कापड आणि सुयांवरचे विणकाम यांत एक मूलभूत भेद आहे. मागावर उभे धागे ताणून त्यांतून आडवा धागा काढतात. त्यामुळे कापड घट्ट होते, पण ताणत नाही. सुयांवर मात्र एकाच अखंड धाग्याचे फास एकमेकांत अडकवीत जातात. प्रत्येक फासाला थोडी मोकळीक असते, म्हणून स्वेटर अंगाबरोबर ताणतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. या फासांच्या पोटात आणि लोकरीच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते. हवा उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे अंगाची ऊब बाहेर जाण्यास अडथळा होतो. वस्तुतः लोकर ऊब निर्माण करीत नाही. शरीराने निर्माण केलेली ऊब ती राखते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के इतकी वाफ शोषूनही हाताला ओली लागत नाही. १९५० नंतर बाजारात आलेल्या ॲक्रिलिकच्या धाग्यात हा गुण फारसा नाही. तो स्वस्त आहे, धुण्यास सोपा आहे, पण घाम शोषीत नाही.

विणणाऱ्या बाईचे गणितही पाहण्यासारखे असते. ती आधी दहा सेंटिमीटर रुंदीचा एक नमुना विणून त्यातील टाके मोजते. समजा, ते बावीस भरले आणि मुलाची छाती सैलपणा धरून ८० सेंटिमीटर आहे, तर एकंदर १७६ टाके लागणार. म्हणजे पुढचा भाग ८८ टाक्यांचा आणि पाठ ८८ टाक्यांची. दहा सेंटिमीटर लांबीत तीस ओळी बसत असतील, तर ४० सेंटिमीटर लांबीला १२० ओळी. गुणाकार केला तर एकट्या पाठीचे टाके दहा हजारांवर जातात, आणि बाह्या न धरताही साऱ्या अंगाचे वीस हजारांच्या घरात. ज्यांनी शाळा लवकर सोडली अशा कितीतरी स्त्रियांनी हे त्रैराशिक जन्मभर तोंडी केले, आणि आपण गणित करीत आहोत असे त्यांना कधी वाटलेही नाही. वीस हजार टाके रोजच्या घरकामातून उरलेल्या तासाभरात घालावयाचे, तर कित्येक आठवडे लागणारच. म्हणूनच जाणत्या बायका दसऱ्यालाच लोकर आणतात. डिसेंबरात आरंभलेला स्वेटर होळीला पुरा होतो आणि पुढच्या थंडीपर्यंत मूल वाढलेले असते.

अखंड धाग्याचा आणखी एक लाभ काटकसरीच्या संसाराने चांगला ओळखला होता. थोरल्याला आखूड झालेला स्वेटर एका टोकापासून उसवला, की सारी लोकर परत मिळते. तिच्या लड्या करून कोमट पाण्यात धुवाव्या आणि खाली थोडे वजन बांधून सावलीत टांगाव्या, म्हणजे पडलेले वेटोळे सरळ होते. मग तीच लोकर, थोडी नवी जोडून, धाकट्याच्या अंगावर येते. मात्र हे करताना कढत पाणी वापरू नये आणि लोकर चोळू नये. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखी अतिसूक्ष्म खवले असतात. उष्णता, पाणी आणि घर्षण यांनी ती एकमेकांत गुंततात आणि कपडा आटून जाड होतो. एकदा आटलेला स्वेटर पूर्ववत होत नाही. धुतल्यावर तो पिळू नये. पंचात गुंडाळून दाबावा आणि आडवा पसरून वाळवावा.

या साध्या कलेची खरी कसोटी राष्ट्रावर संकट आले तेव्हा लागली. १९६२ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनशी युद्ध झाले. हिमालयातील कडक थंडीत लढणाऱ्या अनेक जवानांजवळ पुरेसे गरम कपडे नव्हते. त्या वेळी देशभरातील स्त्रियांनी, शाळकरी मुलींनीदेखील, जवानांसाठी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणून पाठवल्या. ज्या कामाला घरातील माणसे सहजपणे विरंगुळा म्हणत, ते अंगी असलेले कौशल्य होते आणि प्रसंगी ते उपयोगी पडले. कौशल्य हे अडचणीच्या वेळी शिकता येत नाही. ते आधीपासून हातात असावे लागते.

लोकरीप्रमाणेच स्वयंपाकघरातही या दिवसांत पुढची तयारी चालू असते. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत नाताळच्या आठवडाभर आधी फराळाचे डबे भरू लागतात. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू हे पदार्थ दिवाळीतही होतात आणि नाताळातही. गोव्यात तर नेवरी गणेशचतुर्थीलाही होते आणि नाताळलाही. तीच मराठी घरात करंजी म्हणून ओळखली जाते. नाताळचे खास असे म्हणावयाचे तर गोव्याकडील दोदोल, बेबिंका आणि कुलकुले. कुलकुलांसाठी मैदा किंवा रवा नारळाच्या दुधात घट्ट भिजवतात. मग त्याची सुपारीएवढी गोळी काट्याच्या किंवा स्वच्छ फणीच्या दातांवर दाबून गुंडाळतात, म्हणजे तिला शिंपल्यासारखा रेघांचा आकार येतो. एकट्या माणसाने किलोभर पिठाची कुलकुले वळावयाची म्हटली तर रात्र सरेल. म्हणून आजीपासून नातवापर्यंत सारे परातीभोवती बसतात. पोरांची कुलकुले वेडीवाकडी होतात, पण तळल्यावर ती सर्वांत आधी संपतात.

हे पदार्थ आठ-पंधरा दिवस टिकतात याचे रहस्य पाण्यात आहे. अन्न नासवणाऱ्या सूक्ष्म जीवांना पाणी लागते. मंद आचेवर तळताना पदार्थातील पाणी वाफ होऊन निघून जाते. तेलातील बुडबुडे कमी झाले, की ते बहुतेक गेले असे समजावे. उरलेले थोडे पाणी साखर स्वतःशी बांधून ठेवते. करंजीतील सुके खोबरे भाजून घेतात तेही याचसाठी. शंकरपाळ्यांच्या पिठात कडकडीत तुपाचे मोहन घालतात, त्यामुळे पिठाच्या कणांभोवती तुपाचे आवरण बसते, कणीक चिवट होत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. गरम फराळ तसाच डब्यात भरला तर त्याची वाफ झाकणाला लागून पाण्याच्या रूपाने खाली उतरते आणि साऱ्या श्रमावर पाणी पडते. म्हणून पूर्ण निवल्याशिवाय डबा बंद करू नये. हा फराळ टिकाऊ असावा लागतो, कारण तो एका घराने खाण्यासाठी नसतोच. ताटे भरून, वर रुमाल झाकून तो शेजारी जातो. दिवाळीला जे ताट एका बाजूने आलेले असते, ते नाताळला दुसऱ्या बाजूने परत जाते, आणि रिकामे ताट परत करू नये हा संकेत दोन्ही घरे पाळतात.

नाताळ उरकतो न उरकतो तोच मराठी हिंदू घरात संक्रांतीच्या हलव्याची गडबड सुरू होते. पुष्कळ ठिकाणी ती नाताळपूर्वीच झालेली असते. काटेरी हलवा ही मराठी स्त्रीच्या धीराची परीक्षाच होय. साखरेच्या पाकात थोडे दूध घालून उकळले म्हणजे मळी वर येते. ती काढून पाक गाळून घेतात. हा पाक पातळ, फार तर एकतारी असावा. परातीत स्वच्छ तीळ घेऊन परात अगदी मंद निखाऱ्यावर ठेवतात. त्यावर चमचाभर पाक शिंपडून बोटांनी हलकेच तीळ फिरवीत राहतात. तो वाळला की पुन्हा चमचाभर पाक. असे तासन् तास, आणि एक दिवस नव्हे तर तीन-चार दिवस चालते. तिळाबरोबरच खसखस, साबुदाणा, शेंगदाणे, लवंगा यांचाही हलवा करतात. पाक एकदम जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात. आच वाढली तर साखर पिवळी पडते. काम साधले म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्यावर पांढरेशुभ्र काटे फुटू लागतात.

हे काटे येतात कसे? पाकातील पाणी उडाले की उरलेली साखर स्फटिकरूपाने आधीच्या स्फटिकांवर बसते. दाण्याच्या पृष्ठभागावर जेथे किंचित उंचवटा आला असेल, तेथे पुढचा थेंब आधी टेकतो आणि तेथेच वाळतो. असे वारंवार घडल्याने उंचवट्याचा काटा होतो. हवा कोरडी असेल तर वरचा थर लवकर सुकतो. हवेत ओल असेल तर साखर ती ओढून घेते, पृष्ठभाग चिकट राहतो आणि काटे बसून जातात. म्हणूनच हलवा पावसाळ्यात होत नाही, आणि थंडीतही जाणत्या बायका त्यासाठी पहाटेची वेळ निवडतात. माळव्याची कोरडी थंडी या कामाला फार अनुकूल असते.

वाचकांना कदाचित नवल वाटेल, परंतु युरोपातील नाताळच्या गोष्टींतून जी ‘शुगर प्लम’ नावाची मिठाई येते, ती मूळची याच जातीची होय. नावात प्लम असले तरी तिच्यात फळ असेलच असे नाही. धणे, बडीशेप, शहाजिरे किंवा बदाम यांवर साखरेच्या पाकाचे थरावर थर चढवून ती करीत. विस्तवावर टांगलेल्या परातीत दाणे हाताने हलवीत, थोडा थोडा पाक घालीत हे काम कित्येक दिवस चाले. चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’ या १८९२ सालच्या नृत्यनाट्याची कथा नाताळच्या पूर्वसंध्येला सुरू होते, आणि त्यातील एका परीचे नाव याच मिठाईवरून ठेवलेले आहे. पुढे युरोपात फिरती यंत्रे आली आणि हाताने थर चढवण्याची ती कला घरांतून नाहीशी झाली. मराठी घरात ती टिकली, याचे श्रेय बहुधा त्या हलव्याच्या दागिन्यांना द्यावे लागेल. नव्या सुनेला काळ्या चंद्रकळेवर आणि तान्ह्या बाळाला बोरन्हाणाच्या वेळी हलव्याचे दागिने घालण्याची हौस जोवर होती, तोवर परातीवरचा हातही चालू राहिला.

स्वेटर आणि हलवा या दोन वस्तू दिसण्यात कितीही भिन्न असल्या, तरी त्यांची घडण एकच आहे. एक टाक्यावर टाका, दुसरी थरावर थर. दोहोंतही घाई करण्यास जागा नाही. टाका घाईने सुटतो, थर घाईने वितळतो. दोन्ही वस्तू बहुधा दुसऱ्यासाठी केल्या जातात. विणणारी क्वचितच स्वतःसाठी स्वेटर विणते, आणि हलव्याचे दागिने करणारी ते स्वतः घालीत नाही. अशा वस्तूत जो वेळ मुरलेला असतो, तोच त्या भेटीचा मुख्य भाग असतो.

परंतु हा वेळ कोणाचा, हा प्रश्न टाळता येणार नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळवापराच्या पाहणीनुसार भारतात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, तर पुरुषांची ९७ मिनिटे. आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणही स्त्रियांच्या मानाने पुष्कळ कमी आहे. सकाळी डबे भरून नोकरीला जाणाऱ्या आणि संध्याकाळी पुन्हा चुलीशी उभ्या राहणाऱ्या स्त्रीने बाजारातून हलव्याची पुडी आणली, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. जुन्या पिढीतील कित्येक बायकांनी हे काम हौसेने केले, हे खरे. पण कित्येकींनी ते थकल्या अंगाने, निमूटपणे केले, हेही तितकेच खरे. त्यांच्या कौतुकाचे शब्द पुष्कळदा त्यांच्या पश्चात उच्चारले गेले.

म्हणून या हातकामाचे जतन करावयाचे असेल तर त्याचा भार एकीच्या डोक्यावर ठेवून ते होणार नाही. ही विद्या पुस्तकात पुरती उतरत नाही. पाक किती पातळ हे बोटाला कळते, निखारा किती मंद हे तळहाताला कळते, धागा किती ताणावा हे सुई धरणाऱ्या हाताला कळते. शिकवणाऱ्या हाताशेजारी शिकणारा हात बसला तरच ती पुढे जाते. एक पिढी जरी मध्ये रिकामी गेली, तरी मागच्या पिढीजवळचे ज्ञान तिच्याबरोबरच नाहीसे होते. शेजारी बसणारा तो हात मुलीचाच असला पाहिजे असे नाही. युरोपात एकेकाळी विणकऱ्यांच्या संघांतून पुरुषच विणकाम करीत, आणि हलवायाचा धंदा तर आजही बहुतांशी पुरुषांच्याच हाती आहे. मग घरातील परात हलवताना किंवा सुई धरताना मुलग्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. सारा स्वेटर न जमला तर चार बोटे रुंदीचा गळपट्टा विणावा. किलोभर हलवा न जमला तर वाटीभर करावा. वाटीभर हलव्याला दोन सकाळी पुरतात, आणि त्या दोन सकाळी आजी, सून आणि नातू एका शेगडीभोवती बसतात. बाजारातील पुडीत हलवा मिळतो. या दोन सकाळी मात्र मिळत नाहीत.

संध्याकाळी छत्रीबागेतील छत्र्यांची सावली लांबते, गच्चीवरचे ऊन उतरते आणि चटई गुंडाळली जाते. सुयांना टोचलेला लोकरीचा गुंडा पिशवीत जातो, तिळांवर फडके झाकले जाते. दिवसभरात स्वेटर फार तर दोन बोटे वाढलेला असतो, आणि हलव्यावर अजून काट्याचा मागमूसही नसतो. तरीही उठताना घरातील आजी सुनेला सांगते, “उद्या पहाटे लवकर उठव हो मला, पाक मीच घालीन.” आणि यंदा नातवानेही आपल्याला उठवावे असे बजावून ठेवलेले असते.